हक्क, शिक्षण आणि सुरक्षितता : धाराशिव जिल्ह्याविषयीच्या तीन साधनांची चिकित्सा

१

विकसनशील राष्ट्रांच्या राज्यव्यवहाराची चर्चा करताना एक क्रम गृहीत धरण्याची प्रथा पडून गेली आहे. आधी सुरक्षितता, मग शिक्षण आणि सर्वांत शेवटी नागरी हक्क, असा हा क्रम होय. देश दरिद्री आहे, प्रजा निरक्षर आहे, सीमा अस्थिर आहेत. अशा स्थितीत सभा, संघटना आणि भाषण यांचे स्वातंत्र्य ही चैन आहे. शांतता नांदू लागली आणि शिक्षण पसरले म्हणजे हक्क आपोआप पदरात पडतील, असा त्यामागील युक्तिवाद. राज्यकर्ते तो करतात, आणि विद्वानही करतात. तत्त्वाच्या पातळीवर त्याची परीक्षा पुष्कळ झाली आहे. एखाद्या लहान प्रदेशाच्या प्रत्यक्ष अनुभवावर तो घासून पाहण्याचा प्रयत्न मात्र आपल्याकडे फारसा होत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

या परीक्षेसाठी धाराशिव जिल्हा विशेष उपयुक्त ठरतो. १८५३ ते १८६० ही सात वर्षे वगळता हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता. जिल्ह्याचे ठाणे विसाव्या शतकाच्या आरंभी नळदुर्गाहून धाराशिवास आले आणि पुढे सातव्या निजामाच्या नावावरून गावास उस्मानाबाद हे नाव मिळाले. २०२३ मध्ये धाराशिव हे नाव शासकीय व्यवहारात परत आले. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत लातूरही याच जिल्ह्यात मोडत असे, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयास हवी. जिल्ह्याला लागूनच ब्रिटिश मुलखातील सोलापूर जिल्हा. सीमा इतकी वेडीवाकडी, की एका राज्याची गावे दुसऱ्या राज्याच्या पोटात शिरलेली. अशा ठिकाणी नागरिक कोणाचा आणि त्याच्या रक्षणाची जबाबदारी कोणावर, हे प्रश्न पुस्तकी राहत नाहीत.

चिकित्सेसाठी येथे तीन साधने घेतली आहेत. पहिले, स्वामी रामानंद तीर्थ यांचे १९६७ साली प्रसिद्ध झालेले हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाच्या आठवणींचे पुस्तक. दुसरे, १९४८ च्या जानेवारीपासून या जिल्ह्याचे कलेक्टर असलेल्या मोहम्मद हैदर यांचे ‘ऑक्टोबर कू’ हे स्मृतिलेखन. ते लेखकाच्या निधनानंतर पुष्कळ वर्षांनी, २०१२ मध्ये, प्रकाशित झाले. तिसरे, पोलीस कारवाईनंतर राज्यात फिरलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल. आंदोलनाचा नेता, सरकारचा अधिकारी आणि बाहेरून आलेला पाहणी करणारा, असे हे तीन साक्षीदार आहेत. तिघांचेही लेखन इंग्रजीत आहे, हा योगायोग नव्हे. तिघेही हैदराबादबाहेरच्या वाचकाला, विशेषतः दिल्लीला, उद्देशून बोलत आहेत. ज्या शेतकऱ्याच्या, विणकराच्या आणि शाळकरी मुलाच्या हक्काविषयी हे लिहिले गेले, त्यांना ते वाचता येणार नव्हते. ही मर्यादा तिघांनाही सारखीच लागू आहे.

२

स्वामीजींच्या पुस्तकाकडे सामान्यतः राजकीय इतिहासाचे साधन म्हणून पाहिले जाते. शिक्षणाच्या दृष्टीने ते वाचले असता त्याचा वेगळाच पैलू उघड होतो. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर हे कामगार चळवळीत ना. म. जोशी यांचे सहायक होते. ते हैदराबाद संस्थानात आले ते पुढारी म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून. आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परगे या खेड्यात १९२१ साली राष्ट्रीय शाळा स्थापन झाली होती. तेथे त्यांनी काम केले आणि पुढे मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, बाबासाहेब परांजपे यांच्यासह ते योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीत गुंतले. राज्यव्यापी संघर्षाचे नेतृत्व पुढे ज्यांच्याकडे गेले, त्यांची पहिली कर्मभूमी एक खेड्यातील शाळा असावी, याचा अर्थ काय?

या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या कायद्यात शोधावे लागते. १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या आदेशान्वये सार्वजनिक सभेसाठी पूर्वपरवानगी घेणे आवश्यक झाले होते. खाजगी शाळा काढण्यासाठीही सरकारी मान्यतेची अट होती. वरवर पाहता या दोन स्वतंत्र बाबी आहेत. एक सुव्यवस्थेची, दुसरी शिक्षणाची. परंतु राज्यकर्त्याच्या दृष्टीने त्या एकाच प्रश्नाची दोन अंगे होत्या. जेथे लोकांनी एकत्र येण्यासच परवाना लागतो, तेथे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, शिक्षक व विद्यार्थी एकत्र येतात आणि पालक त्यांना पाठिंबा देतात, ही घटनाच एक प्रकारची सभा ठरते. म्हणूनच मराठवाड्यात शाळा, ग्रंथालय, व्यायामशाळा आणि गणेशोत्सव यांना राजकीय संस्थांचे काम करावे लागले. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि १९३८ साली स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. या दोन घटनांपर्यंत पोहोचणारी वाट हिप्परग्यासारख्या शाळांतून गेली होती.

येथे प्रारंभी सांगितलेल्या क्रमाचा पहिला दोष दिसून येतो. शिक्षण आधी, हक्क मागाहून, असे म्हणणारा हे विसरतो की स्वतःच्या भाषेत शाळा चालविणे हाच मुळात एक नागरी हक्क आहे. तो नाकारला की शिक्षणाचा प्रश्न तात्काळ हक्काचा प्रश्न बनतो. १९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांपैकी अनेकांनी नागपूर विद्यापीठाचा आसरा घेतला. शिक्षण घेण्यासाठी राज्याची सीमा ओलांडावी लागणे, ही त्या व्यवस्थेवरची सर्वांत बोलकी टीका होती.

३

तथापि उस्मानियाविषयीचा निवाडा इतक्यावर संपविणे न्याय्य होणार नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ भारतीय भाषेतून आधुनिक उच्च शिक्षण देण्याचा एक मोठा प्रयोग होता. भाषांतर विभागाने शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणले, परिभाषा घडविली. इंग्रजीवाचून वैद्यक व विज्ञान शिकविता येत नाही, हा समज त्याने कृतीने खोडून काढला. आज मराठीतून उच्च शिक्षण देण्याच्या गोष्टी करणाऱ्याने त्या प्रयोगाचा अभ्यास केला पाहिजे.

त्याचा दोष भाषेत नव्हता. ती भाषा ज्यांच्यासाठी निवडली गेली त्यांच्याशी असलेल्या संबंधात होता. मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला एका भारतीय भाषेचे विद्यापीठ मिळाले. पण ती भाषा त्यांच्या घरची नव्हती. मातृभाषेच्या तत्त्वावर उभी राहिलेली संस्था बहुसंख्यांच्या मातृभाषेला परकी राहिली. मराठी पुढाऱ्यांनी यावर जो आक्षेप घेतला तो रास्त होता, यात संशय नाही.

परंतु तत्त्वाची कसोटी आपल्या विजयानंतर लागते. १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम बदलले, ते मराठी वा तेलुगू झाले नाही, इंग्रजी झाले. तीस वर्षांत उभारलेले उर्दू परिभाषेचे काम बाजूस पडले आणि उर्दूतून शिकलेला तरुण एका रात्रीत अर्धशिक्षित ठरला. ज्या तत्त्वाच्या आधारे आपण निजामी शिक्षणाचा निषेध केला, तेच तत्त्व त्या तरुणास लागू करण्याचे आपणांस सुचले नाही. मातृभाषेतून शिक्षण हा हक्क असेल तर तो पराभूत पक्षाच्या मुलाचाही असतो. मुक्तिसंग्रामाच्या शैक्षणिक विचारातील ही उणीव आपल्या लेखनात जितक्या स्पष्टपणे नोंदली जावयास हवी, तितकी ती नोंदली गेलेली नाही.

४

मोहम्मद हैदर यांचे पुस्तक वाचताना वाचकास प्रथम जाणवतो तो अधिकाऱ्याचा स्वर. ज्या पदाला त्या राज्यात पूर्वीपासून अव्वल तालुकदार म्हणत, त्या पदावर ते राज्याच्या अखेरच्या आठ-नऊ महिन्यांत होते. पुस्तकाच्या नावातील ‘ऑक्टोबर’ हा १९४७ चा ऑक्टोबर होय. त्या महिन्याच्या २७ तारखेस इत्तेहादुल मुसलमीनच्या जमावाने निजामाच्या शिष्टमंडळातील सभासदांची घरे वेढून त्यांना दिल्लीस जाण्यापासून रोखले. हैदर यांचे म्हणणे थोडक्यात असे, की राज्याचा खरा पाडाव तेव्हाच झाला. सत्ता कायदेशीर शासनाकडून रस्त्यावरच्या संघटनेकडे गेली. एका निजामी अधिकाऱ्याने हे म्हणावे, यातच त्या पुस्तकाचे मोल आहे.

सुरक्षिततेविषयी त्यांनी दिलेली साक्ष मोलाची असली तरी एकांगी आहे. सीमेपलीकडच्या तळांवरून होणारे हल्ले, नाक्यांवरील भीती, दोन्ही बाजूंनी गाव सोडून जाणारी माणसे, रझाकारांना आवर घालण्यात शासनास आलेले अपयश, हे सर्व त्यांना दिसते. ज्याला मराठी लेखन ‘सरहद्दीवरील सशस्त्र लढा’ म्हणते, त्याच गोष्टी या पुस्तकात कायदा व सुव्यवस्थेच्या समस्या म्हणून येतात. दोन्ही वर्णने बाजूबाजूस ठेवून वाचल्याखेरीज त्या वर्षाचे चित्र पुरे होत नाही. परंतु गावकरी पोलिसाकडे का येत नव्हता, हा प्रश्न अधिकाऱ्याच्या कक्षेत नीट शिरत नाही. सभेस परवाना, शाळेस परवाना, संघटनेस बंदी, अशा दोन दशकांच्या अनुभवानंतर प्रजेने शासनास आपले रक्षक मानावे, ही अपेक्षाच अवास्तव होती. विश्वास हा सुरक्षिततेचा पाया आहे, आणि हक्कांवाचून विश्वास उपजत नाही. राज्य आपले म्हणणे ऐकून घेते, हा अनुभव ज्याला कधी आला नाही, तो संकटकाळी राज्याकडे धाव घेत नाही. तो सीमेकडे धाव घेतो.

याच संदर्भात आणखी एका व्यक्तीचा विचार केला पाहिजे. रझाकार संघटनेचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. म्हणजे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातलाच. तो अलीगढचा पदवीधर होता आणि कायदा शिकलेला होता. एका जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनात एकाच पिढीत एका बाजूस हिप्परग्याचा शिक्षक आणि दुसऱ्या बाजूस लातूरचा वकील असावेत, यावरून एक निष्कर्ष निघतो. शिक्षणाने मनुष्य आपोआप नागरिक बनत नाही. ज्या शिक्षणाला दुसऱ्याच्या हक्काची जाणीव जोडलेली नाही, ते विध्वंसासही तितकेच उपयोगी पडते. उलट, २२ ऑगस्ट १९४८ च्या सुमारास हैदराबादेत मारला गेलेला ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान हा उर्दू पत्रकार भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत होता. हक्कांचा लढा धर्माच्या रेषेने विभागलेला नव्हता, याचे हे रक्ताने लिहिलेले प्रमाण आहे.

५

तिसरे साधन सर्वांत कठीण. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून भारतीय सैन्य नळदुर्गमार्गे या जिल्ह्यात शिरले आणि पाच दिवसांत राज्य कोसळले. मराठवाड्याच्या पाठ्यपुस्तकी स्मृतीत १७ सप्टेंबर हा कथेचा शेवट आहे. सुंदरलाल समितीच्या अहवालात ती कथेची सुरुवात आहे. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात राज्यातील सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. कारवाईच्या काळात व तिच्यानंतर निदान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली, असा त्यांचा अंदाज आहे. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी गुलबर्गा, बिदर व नांदेड यांच्याबरोबर उस्मानाबादचे नाव घेतले. लातूरविषयी ते लिहितात ते अधिकच विदारक आहे. तेथे हत्या वीस दिवसांहून अधिक काळ चालली आणि सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार लोक गावात उरले होते. हजारांहून अधिक मारले गेले होते. उरलेले सर्वस्व टाकून पळाले होते.

या अहवालाची चिकित्सा करताना दोन टोके टाळावयास हवीत. एक, तो खोटा ठरवून बाजूस सारण्याचे. सरदार पटेलांनी समितीचे निष्कर्ष व तिचा अधिकार या दोहोंवर आक्षेप घेतला आणि अहवाल शासनाने प्रसिद्ध केला नाही, हे खरे. पण अप्रसिद्धी म्हणजे खंडन नव्हे. ज्या सरकारला आकडे मान्य नव्हते, त्याने अधिक काटेकोर चौकशी करून दुसरे आकडे मांडावयास हवे होते. दुसरे टोक, या अहवालास अंतिम निवाडा मानण्याचे. तीन आठवड्यांच्या प्रवासात, ऐकलेल्या जबान्यांवरून काढलेला हा अंदाज आहे. गावनिहाय गणना नव्हे. समितीने स्वतःही त्यास अंदाजच म्हटले आहे. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादवरील ग्रंथाच्या परिशिष्टात तो छापला गेल्यापासून त्याचा वापर वाढला आहे. तो जबाबदारीने झाला पाहिजे.

अहवालात आधीची पार्श्वभूमी लपविलेली नाही. रझाकार गावोगाव दरमहा खंडणी बसवीत, ती न देणाऱ्या गावाची लूट होई, जाळपोळ व हत्या होत, हे त्यात नमूद आहे. सैन्याच्या शिस्तीविषयी सामान्यतः चांगले शब्द आहेत आणि त्याच वेळी काही ठिकाणी सैनिक व पोलीस लुटीस उत्तेजन देत किंवा तीत सामील होत, असा गंभीर आरोपही आहे. मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. एकाच व्यवसायातील बंधुभाव विशेष टिकला, असे समिती म्हणते. हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांच्या रक्षणार्थ प्राणही गमावले.

विणकरांचे हे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्या आठवड्यांत जुने राज्य संपले होते आणि नवे गावापर्यंत पोहोचले नव्हते, त्या आठवड्यांत सुरक्षितता दिली ती राज्याने नव्हे, शेजारधर्माने. एकत्र काम करण्याच्या दीर्घ सवयीतून निर्माण झालेले हे नाते कोणत्याही शाळेत शिकविले गेले नव्हते. उलट, खंडणी दिलेल्या गावाने सूड घ्यावा हे समजण्यासारखे असले, तरी खंडणी घेणारा एक आणि मारला गेलेला दुसराच, ही गोष्ट सूड घेणाऱ्याने पाहिली नाही. हक्क हा व्यक्तीचा असतो आणि अपराधही व्यक्तीचाच असतो, हे कायद्याचे पहिले तत्त्व तेव्हा दोन्ही काळांत पायदळी तुडविले गेले: सप्टेंबरपूर्वी हिंदू गावांच्या बाबतीत, सप्टेंबरनंतर मुस्लिम वस्त्यांच्या बाबतीत.

स्वामीजी १९४८ च्या बहुतेक काळात कारागृहात होते. राज्य कोसळल्यावर ते सुटले. हैदर तो सर्व काळ कचेरीत होते. राज्य कोसळल्यावर त्यांना अटकेला व खटल्यांना तोंड द्यावे लागले. म्हणजे जानेवारी ते सप्टेंबरचा जिल्हा एकाने पाहिला नाही, त्यानंतरचा जिल्हा दुसऱ्याने मोकळेपणी पाहिला नाही. ही दोन स्मृतिचरित्रे परस्परविरोधी आहेत असे म्हणण्यापेक्षा ती परस्परांची अपुरी पाने आहेत, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

६

तीनही साधनांच्या मध्यभागी जो प्रश्न नाही, त्याचाही उल्लेख अवश्य केला पाहिजे. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत वतनदार महार-मांगांची परिषद भरली. परिषदेच्या नावातच समस्या सामावलेली आहे. वतन हा कागदोपत्री हक्क, प्रत्यक्षात पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ. गावाच्या संरक्षणाचे, रात्रीच्या गस्तीचे, सरकारी टपालाचे काम ज्यांच्या माथी होते, त्यांना स्वतःला गावात सुरक्षितता नव्हती आणि शाळेत जागा नव्हती. निजाम गेला तरी ही व्यवस्था त्याच्याबरोबर जाणार नव्हती. राष्ट्रीय शाळा व राष्ट्रीय चळवळ यांचे मूल्यमापन करताना, त्या शाळेच्या दारापर्यंत कोण पोहोचू शकत नव्हते हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

हा प्रश्न भूतकाळात राहिला नाही. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा या प्रदेशाची एक जुनी मागणी पुरी झाली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने त्यास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्याच दिवसापासून मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडले. ज्यांनी तीस वर्षांपूर्वी शिक्षणाच्या हक्कासाठी लढा दिला होता त्याच समाजातील काहींनी एका विद्यापीठाच्या नावावरून दुसऱ्याची सुरक्षितता हिरावून घेतली. विद्यापीठ वाढले म्हणून नागरिकत्व वाढले असे होत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण नको.

७

या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. हक्क, शिक्षण व सुरक्षितता ही एकामागून एक चढावयाच्या पायऱ्यांची रांग नाही. हक्क रोखून सुरक्षितता साधू पाहणाऱ्या राज्याने धाराशिवात दोन्ही गमावल्या. हक्काची जाणीव नसलेले शिक्षण रझाकारांच्या नेत्यालाही मिळाले होते. आणि राज्य बदलले, तरी सुरक्षितता सर्वांची नसेल तर विजयाच्या दुसऱ्या दिवशी ती नव्या बळींचा शोध घेते. या तिहींचे माप एकच आहे: सर्वांत दुबळ्या स्थितीत असलेल्या मनुष्याला, मग तो १९३८ चा मराठी विद्यार्थी असो, १९४१ चा वतनदार महार असो की ऑक्टोबर १९४८ चा लातूरचा मुसलमान असो, त्यांतले काय मिळाले?

या मापाची आजही गरज आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्यासंबंधीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ज्या मागणीसाठी हिप्परग्यास शाळा निघाली, ती घटनेत आली. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांची योजना आखली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत या जिल्ह्याची निवड झाली. त्या योजनेत प्रगती मोजण्याची क्षेत्रे पाच : आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व जलसंपत्ती, आर्थिक समावेशन व कौशल्य, आणि पायाभूत सुविधा. ही सर्व अत्यावश्यक आहेत. पण नागरी हक्क वा दुर्बलांची सुरक्षितता यांना त्यांत स्वतंत्र स्थान नाही. विकासाच्या तक्त्यात हक्कांचा स्तंभ नसावा, हा जुनाच क्रम नव्या कागदावर उतरला आहे.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर मोठे क्षेत्र मोकळे आहे. जिल्ह्याचे जुने महसुली व पोलिसी दप्तर उर्दूत आहे. ते वाचण्यासाठी आपल्या विभागांतून उर्दू व मोडी या दोन्ही लिपींचे शिक्षण दिले गेले पाहिजे. शाळांची जुनी हजेरीपुस्तके, गावोगावच्या वृद्धांच्या आठवणी, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची साक्ष आणि मुस्लिम व दलित कुटुंबांनी जपलेली स्मृती यांचा एकत्र अभ्यास झाल्याखेरीज या तीन इंग्रजी साधनांची खरी परीक्षा होणार नाही. तो अभ्यास मराठीत व्हावा, कारण ज्यांच्याविषयी तो आहे त्यांना तो वाचता आला पाहिजे. मुक्तिदिनाचा समारंभ वर्षातून एकदा होतो. मुक्तीचा हिशेब मात्र अद्याप गावागावांतून लिहावयाचा राहिला आहे.